शोरो : वारसा आणि वारस

ब्राझीलच्या शोरो संगीताला युरोपीय पोल्का आणि आफ्रिकी लय यांचा 'मधुर संगम' म्हणण्याची समीक्षकांना सवय आहे. शब्द सोयीचा आहे. दोन प्रवाहांपैकी एक साखळदंडांत बांधून आणलेला होता, हे त्यात बुडून जाते.

१८७० च्या सुमारास रिओ द जानेरोत शोरो आकाराला आला. गुलामगिरी तिथे १८८८ पर्यंत कायदेशीर होती. आद्य बासरीवादक जोआकिम कालादो मिश्रवर्णीय. पियानोवादक शिकिन्या गोन्झागा गुलाम स्त्रीची नात. गुलामगिरीविरोधी चळवळीत ती उतरली होती. वाजवणारे बरेचसे लहान नोकरदार. त्यांच्या आठवणी १९३६ मध्ये ग्रंथरूपाने मांडल्या त्या कोणा पंडिताने नव्हे, तर अलेशांद्रे गोन्साल्विस पिंटो या पोस्टमनने. तो स्वतः त्यांच्यात बसून वाजवणारा होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

१९१९ मध्ये पिशिंगिन्याचे 'ओइतो बातुतास' हे मंडळ सिने पालाय चित्रपटगृहात वाजवू लागले, तेव्हा प्रतिष्ठितांच्या जागेत काळे वादक कसे, असा गदारोळ झाला. १९२२ मध्ये तेच मंडळ पॅरिसला निघाले, तेव्हा देशाची प्रतिमा काळी दिसेल अशी चिंता काहींना वाटली. सूर हवे होते. सूर काढणारे चेहरे नको होते.

म्हणून शोरो केवळ ध्वनिमुद्रिकेवरून कळत नाही. तो 'रोदा'त, म्हणजे वादकांच्या वर्तुळात, प्रत्यक्ष ऐकावा. मध्ये टेबल, भोवती खुर्च्या, रंगमंच नाही. बासरी धून मांडते, सात तारांची गिटार खालच्या सुरांत तिला उत्तर देते, कावाकिन्यो आणि पांदेइरो लय धरतात. नवखा कडेला बसून कानाने शिकतो आणि आपल्या पाळीची वाट पाहतो. इथे विद्या कशी हस्तांतरित होते ते डोळ्यांना दिसते. मात्र या वर्तुळाचेही उदात्तीकरण नको. त्यात स्त्रियांना दीर्घकाळ क्वचितच खुर्ची मिळाली. शिकिन्या अपवाद ठरली.

२०२४ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने शोरोला सांस्कृतिक वारशाची मान्यता दिली. ती योग्यच आहे. पण वारसा जाहीर करणे सोपे असते. वारसांची नावे घेणे कठीण. शोरोची समीक्षा त्या नावांपासून सुरू झाली पाहिजे.