द्राक्षबागेचे गणित आणि जांभ्याची माती

परदेशांतील काही कृषी महाविद्यालये आपल्या शिकाऊ द्राक्षबागांमधून आता ‘कर्बशेती’ शिकवतात. वेलींच्या दोन ओळींमध्ये गवत किंवा द्विदल पीक वाढू द्यायचे, छाटणीच्या काड्या न जाळता त्यांचा भुगा तिथेच पसरायचा, नांगरट कमीत कमी करायची आणि कंपोस्ट घालायचे. मग दर काही वर्षांनी मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायचा. पाठ म्हणून ही मांडणी उत्तम आहे. प्रकाशसंश्लेषण, विघटन, जमिनीची धूप हे तीन वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले विषय विद्यार्थ्याला एकाच वाफ्यात भेटतात. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. दोन्ही वेळा काड्यांचे ढीग निघतात, त्यामुळे तिथे हा पाठ जवळजवळ जसाच्या तसा घेता येईल.

माझा आक्षेप आहे तो या पाठाबरोबर येणाऱ्या तयार गणितावर. ते रत्नागिरीच्या सड्यावर वापरले की विद्यार्थी चुकीचे उत्तर अगदी बरोबर रीतीने काढतो.

गणित साधारण असे असते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २,००० टन धरतात. प्रयोगशाळेने १ टक्का सेंद्रिय कर्ब सांगितला, की हेक्टरी २० टन कर्ब झाला. त्याला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणले, की सुमारे ७३ टन कार्बन डायऑक्साइड. पण प्रयोगशाळा ज्या मातीची टक्केवारी सांगते ती दोन मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक चाळणीतून गाळलेली असते. जांभ्याच्या जमिनीत चाळणीवर काय राहते ते कोकणातल्या शिक्षकांना सांगायला नको. समजा, वजनाने ४० टक्के खडे निघाले, तर खरी माती उरते १,२०० टन आणि कर्ब १२ टन. कातळ दहा सेंटिमीटरवरच लागला, तर ८ टन. वीस आणि आठ यांत अडीच पटींचा फरक आहे. शेतकरी जी सुधारणा वर्षानुवर्षांच्या कष्टाने करतो, तिच्यापेक्षा ही चूक मोठी आहे. भारतात कार्बन क्रेडिट व्यवहाराची योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. कर्बाला भाव येऊ लागला की अशा आकड्यांच्या भरवशावर कुणीतरी बागायतदाराला स्वप्ने दाखवणारच.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती शाळेच्या प्रयोगातच दडलेली असते. माती वाळवून मुशीत तापवायची, वजनात घट आली ती सेंद्रिय द्रव्याची मानायची आणि तिला १.७२४ ने भागून कर्ब काढायचा. अनेक जमिनींत हे चालून जाते. जांभ्यात मात्र केओलिनाइट, गोएथाइट आणि काही ठिकाणी गिब्साइट ही खनिजे असतात. त्यांच्या रचनेतच पाणी बांधलेले असते. १०५ अंशांवर वाळवून ते जात नाही. गिब्साइट आणि गोएथाइट यांचे पाणी ३०० अंशांच्या आसपास, तर केओलिनाइटचे ५०० च्या आसपास सुटते. शुद्ध केओलिनाइट आपल्या वजनाचा सुमारे १४ टक्के भाग असा गमावते आणि गिब्साइट तर सुमारे ३५ टक्के. हे सारे पाणी आपण ‘कर्ब’ म्हणून वहीत लिहितो! खात्री करायची तर चिऱ्याच्या खाणीतून खोलवरचा, मुळे न पोचलेला तुकडा आणा, कुटून चाळा आणि तोही तसाच तापवा. त्याचेही वजन घटेल. माझ्या मते कोकणातल्या शाळेत मूळ प्रयोगापेक्षा हा फसलेला प्रयोगच मुद्दाम करून दाखवावा. (डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल वापरणारी वॉकली-ब्लॅक पद्धत वर्गात नको. नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेकडे द्यावा.)

तिसरा मुद्दा हिशेबाच्या सीमेचा. कातळ फोडून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि आंब्याची कलमे लावायची, ही पद्धत जिल्ह्यात सर्रास दिसते. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आल्यावर पडीक जमिनींवर कलमे आणि काजू फार वाढले. ‘आधी शून्य, आता इतके टन’ असे अशा बागेत लिहिले, तर तो कर्ब हवेतून आलेला नाही. त्यातला बराचसा ट्रकमधून आला आणि जिथून माती काढली तिथे तेवढाच कमी झाला. कंपोस्टचेही तसेच. राबाचा हिशेब याच्या उलट्या बाजूने करावा लागतो. ऐन-किंजळीचा टाहाळ, शेण, पालापाचोळा भाताच्या रोपवाटिकेवर रचून जाळला की बहुतेक कर्ब हवेत जातो. मात्र थोडा कोळशाच्या रूपाने उरतो आणि तो सहज कुजत नाही. राबाने तणाचे बी मरते, राखेतून पोटॅश मिळते. ‘अडाणी प्रथा’ म्हणून त्याला मोडीत काढणाऱ्यांनी आधी तेवढेच काम करणारा पर्याय द्यावा. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत गाडणे हा चांगला पर्याय आहे, पण तो खताची गरज भागवतो, तणाची नव्हे.

राहिली धूप. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जिथे मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो, तिथे माझ्या दृष्टीने पहिला धडा हाच असावा. कर्ब मुख्यतः वरच्या थरात असतो आणि तोच थर आधी वाहून जातो. उतारावरच्या जुन्या गडग्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला मातीची पातळी मोजून पाहा. कित्येक पावसाळ्यांची माती तिथे अडकलेली सापडेल. कलमांभोवतीचे अर्धचंद्राकृती बांध आणि त्यांत टाकलेला पाला तेच काम करतात. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीचे पाणी, बांध असलेल्या आणि नसलेल्या उतारावरून, दोन सारख्या बाटल्यांत धरून ठेवले तर तळाशी बसणारा गाळ आठवीच्या मुलालाही मोजता येतो.

कर्ब मोजायचाच असेल तर जागा तीच, खोली तीच, महिना तोच हवा आणि खड्यांचे वजन वेगळे लिहिलेले हवे. पाच वर्षांच्या आत फरक शोधू नये, कारण एकाच बागेतल्या दोन खड्ड्यांतला फरक त्याहून मोठा निघतो. तोवर पहिली तुकडी शाळा सोडून गेलेली असेल, म्हणून वही शिक्षकांच्या कपाटात राहावी आणि दरवर्षी नव्या वर्गाच्या हाती द्यावी.