मंगोलियातील सार्वजनिक स्मृती : दोन स्मारकांची चिकित्सा

उलानबातर येथील गंदन विहारात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची २६.५ मीटर उंचीची सुवर्णलेपित मूर्ती उभी आहे. मूळ मूर्ती १९३८ च्या सुमारास मोडून नेण्यात आली. साम्यवादी राजवट संपल्यानंतर, १९९६ मध्ये, लोकवर्गणीतून ती पुन्हा उभारली गेली. ही पुनर्स्थापना अभिनंदनीय आहेच. तथापि मूर्ती कोणी व कोणत्या कारणाने मोडली, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

१९३७ ते १९३९ या काळात मंगोलियातील शेकडो विहार उद्ध्वस्त झाले व हजारो भिक्खू मारले गेले. भिक्खुसंघाच्या निर्मूलनाचा स्टालिनचा आग्रह पूर्णतः मानण्यास पंतप्रधान गेंदेन यांनी टाळाटाळ केली. १९३७ मध्ये मॉस्को येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तो आग्रह छोइबालसान यांनी अमलात आणला.

दुसरे स्मारक झाइसान टेकडीवर आहे, ते सोव्हिएत सैनिकांच्या गौरवार्थ. १९३९ मध्ये खाल्खिन गोल येथे सोव्हिएत व मंगोल सैन्याने जपानी आक्रमण परतविले. त्याविषयीची कृतज्ञता खोटी म्हणता येणार नाही. परंतु सीमा राखणारी आणि विहारांच्या विध्वंसामागे उभी असलेली सत्ता एकच होती. नेमके हेच सत्य दोन स्मारकांच्या मध्ये हरवते.

मंगोलियाने अत्याचार नाकारलेला नाही. तेथे १० सप्टेंबर हा राजकीय दडपशाहीच्या बळींचा स्मृतिदिन आहे. स्टालिनचा पुतळा १९९० मध्ये, तर लेनिनचा २०१२ मध्ये हलविण्यात आला. मात्र २०१९ व २०२४ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन आले, ते खाल्खिन गोलच्या विजयाच्या वर्धापनासाठी. इंधन रशियाकडून येते आणि निर्यात मुख्यतः चीनला होते. २०१६ मध्ये दलाई लामांच्या भेटीनंतर चीनने कर्जाची बोलणी थांबविली, तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांना त्यांना पुन्हा निमंत्रण न देण्याची ग्वाही द्यावी लागली. स्मृतीची मर्यादा शेजारी ठरवितात, ती अशी.

दोन महासत्तांमध्ये सापडलेल्या या छोट्या राष्ट्राला दोष देणे सोपे आहे. पण मौन ही राजनीतीची गरज असली, तरी ते इतिहासाचे प्रमाण होऊ शकत नाही. भगवंतांनी दुःख सांगून न थांबता दुःखसमुदयही सांगितला. मंगोलियाची सार्वजनिक स्मृती पाहुण्यांसमोर पहिल्या आर्यसत्यापर्यंतही पोहोचत नाही आणि घरात दुसऱ्याच्या उंबरठ्यावर थांबते. मूर्ती पुन्हा घडविता आली. तिच्या विध्वंसाचे कारण उघडपणे उच्चारणे हे अधिक कठीण कार्य अद्याप शिल्लक आहे.