ओळखपत्राचा रंग

पॅलेस्टाइनविषयी लिहिणारे बहुधा बंदूक, भिंत आणि निर्वासितांची छावणी यांपाशी थांबतात. न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापिका हेल्गा तवील-सूरी यांची दृष्टी मात्र ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या वेष्टनावर आणि टेलिफोनच्या तारेवर खिळते. त्या पॅलेस्टिनी-अमेरिकन, माध्यमांच्या अभ्यासक, तशाच माहितीपटांच्या दिग्दर्शिका. ‘नॉट गोइंग देअर, डोन्ट बिलाँग हिअर’ हा त्यांचा माहितीपट २००२ चा, आणि जबा येथील चोवीस तासांवरील दुसरा २००४ चा. पुढे निबंधलेखन अधिक झाले. परंतु पाहण्याची सवय कॅमेऱ्याचीच राहिली, असे त्यांचे लेखन वाचताना पदोपदी जाणवते.

याचा उत्तम दाखला म्हणजे ओळखपत्रांवरील २०११ चा निबंध. १९६७ च्या युद्धानंतर इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशात शिरगणती केली. त्या वेळी जे बाहेरगावी होते त्यांची नोंद झाली नाही, आणि नोंद नाही म्हणून वास्तव्याचा हक्कही गेला. (महाजनांच्या यादीत नाव आहे की नाही, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले देवस्थानांचे कज्जे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यादीचे सामर्थ्य निराळे सांगावयास नको.) आज पश्चिम तीर व गाझा येथील माणसाच्या पत्राचे वेष्टन हिरवे, तर जेरुसलेमवासीयाचे निळे. नवरा हिरवा आणि बायको निळी असली की संसार कोठे मांडावयाचा, हा प्रश्न रंगावर येऊन ठेपतो. निळे पत्रही नागरिकत्वाचे असतेच असे नाही. पूर्व जेरुसलेमच्या बहुसंख्य पॅलेस्टिनींना ते केवळ कायम रहिवासी ठरविते. कायद्याच्या विद्यार्थ्याने हा निबंध १९८८ च्या अवाद निवाड्याशेजारी ठेवून वाचावा. जीवनाचे केंद्र अन्यत्र हलले की रहिवास आपोआप संपतो, असे इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथे म्हटले. आणि ज्याच्याविषयी म्हटले तो अवाद जेरुसलेममध्येच जन्मलेला होता.

गाझावरील २०१२ च्या निबंधात त्यांनी ‘डिजिटल कब्जा’ ही संज्ञा योजिली. २००५ मध्ये इस्रायलचे सैन्य व वसाहती गाझातून हलल्या. तारा आणि ध्वनिलहरी मात्र हलल्या नाहीत. १९९५ च्या ओस्लो कराराने स्वतंत्र दूरसंचार यंत्रणा उभारण्याचा पॅलेस्टिनींचा हक्क तत्त्वतः मान्य केला, पण लहरींचे वाटप इस्रायलच्या हाती ठेविले. हक्क एका वाक्यात द्यावा आणि पुढच्या वाक्यात त्याची किल्ली खिशात घालावी, हे मसुदा लिहिणाऱ्यांचे जुने कसब आहे. पश्चिम तीरावर तिसऱ्या पिढीची मोबाईल सेवा २०१८ च्या जानेवारीत पोचली. गाझाला त्या वेळीही ती मिळाली नाही. २७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री गाझातील दूरध्वनी व इंटरनेट जवळजवळ पूर्णपणे बंद पडले आणि जखमींना रुग्णवाहिका बोलावणेही अशक्य झाले. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या निबंधास याहून भीषण पुरावा कोणता हवा?

तथापि सर्वच लेखन या तोलाचे नाही. रामल्ला व जेरुसलेम यांमधील कलंदिया नाक्यावरील २०१० च्या लेखात त्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे यांची ‘अस्थान’ ही कल्पना हाती घेतात. विमानतळ व महामार्ग यांसाठी घडविलेली ही संज्ञा, जेथे माणसे तासन्‌तास तिष्ठतात, विक्रेते गाडे लावतात, भांडणे नि भेटीगाठी होतात, अशा जागेस पुरी पडत नाही. त्यांच्याच वर्णनाने ती उसवते, आणि हे त्यांस ठाऊक आहे. मग उसनवारी कशासाठी? विद्यापीठीय परिभाषेचा हा कर इतरत्रही भरावा लागतो.

दीना मतर यांच्यासह संपादिलेले ‘गाझा अ‍ॅज मेटॅफर’ (२०१६) हे पुस्तक याच कारणाने मला बेचैन करते. ३६५ चौरस किलोमीटरांत कोंडलेल्या लक्षावधी माणसांच्या गावाला रूपक म्हणावे काय? नावातच ही टोचणी असावी, हे मान्य. पण तारेचा आणि वेष्टनाचा मागोवा घेणाऱ्या लेखिकेला रूपकाची गरज सर्वांत कमी. यांपैकी एकच काही वाचावयाचे असेल, तर ओळखपत्रांवरील निबंध वाचावा, पुस्तक त्यानंतर.