हृदयाला आकार कोण देते?

आधी हृदय पूर्ण तयार होते आणि मग ते रक्त ढकलू लागते, असे आपण वर्गात नकळत सुचवतो. प्रत्यक्षात भ्रूणाचे हृदय साध्या नळीच्या अवस्थेतच धडधडू लागते. झडपा नंतर येतात. मग या वाहत्या रक्ताचाही घडणीत वाटा असेल का?

होव्ह, घारिब, फ्रेझर आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा 'नेचर'मधील शोधनिबंध याचे उत्तर ठामपणे 'होय' असे देतो. झेब्रा माशाच्या भ्रूणाला सुरुवातीचे काही दिवस प्राणवायू पाण्यातून थेट मिळतो, म्हणून रक्ताभिसरण अडले तरी तो लगेच मरत नाही. संशोधकांनी काचेचा बारीक मणी बसवून काही भ्रूणांत हृदयात येणारे, तर काहींत बाहेर जाणारे रक्त अडवले. दोन्हींत झडपा बिघडल्या, हृदयाचे वळण अपुरे राहिले, तिसरा कप्पा घडला नाही. ज्यांच्यात मणी होता पण प्रवाह मोकळा होता, त्यांची हृदये नीट वाढली. ही तुलना नसती, तर दोष मण्याच्या इजेचा की प्रवाहाचा, हे कळलेच नसते.

येणारे रक्त अडले की आतला दाब उतरतो, जाणारे अडले की चढतो; परिणाम मात्र एकच. म्हणून कारण दाब नव्हे, तर रक्ताचे भिंतीला घासत जाणे कमी होणे, असा लेखकांचा तर्क आहे.

तर्क देखणा आहे, पण निर्णायक नाही. पाणी कमी पडले तरी रोप माना टाकते आणि जास्त झाले तरीही! शिवाय मनासेक व मनरो यांनी १९७२ सालीच कोंबडीच्या भ्रूणाचे हृदय धडधडू दिले नाही, तरी सुरुवातीचे वळण पडलेच. म्हणजे वळणाचे सारे श्रेय प्रवाहाला देता येत नाही. झडपांबाबत मात्र दावा टिकला, आणि अधिक नेमका झाला. व्हर्मो आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले, की रक्ताचे पुढेमागे हेलकावणे महत्त्वाचे असते. त्यातूनच 'केएलएफ-२-ए' हे जनुक जागे होते.

तेव्हा 'जनुके की प्रवाह?' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. जनुके नळी घडवतात, नळी रक्त हलवते आणि हलणारे रक्त पुन्हा जनुकांना हाक देते. विद्यार्थ्यांना निष्कर्ष सांगण्याआधी तो मोकळ्या प्रवाहातला मणी जरूर दाखवा. तो कशासाठी ठेवला, हे ज्याला सांगता आले, त्याला प्रयोग समजला.