वर्गांक : एक न लिहिलेली समीक्षा

ऐरोलीच्या सेक्टर 15 मधील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक डिसेंबर 2021 मध्ये खुले झाले. त्यात ग्रंथालय आहे, आणि पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधणाऱ्या महामानवाच्या स्मारकात ते असणे उचितच आहे. आमचे कार्यकर्ते पाहुण्यांना तेथे आवर्जून नेतात. वास्तूचे कौतुक होते, पुस्तके किती याची चौकशी होते. पण एखादे पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न पाहुणे विचारीत नाहीत. हा प्रश्न या एका ग्रंथालयाचा नव्हे. तो कारकुनी समजून आपल्या समीक्षेनेही बाजूला ठेवला आहे.

पदवीचा अभ्यास करीत असताना मी एका ग्रंथालयात परिचर होतो. दाखलांकाचे शिक्के मारणे, पाठीवर चिठ्ठ्या चिकटवणे, कसर लागलेली पाने वेगळी काढणे आणि परत आलेली पुस्तके जागेवर लावणे, हे माझे काम. तेथे दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) समाजशास्त्राच्या कपाटात होते. तालिकापत्रावर विषय लिहिला होता : अस्पृश्य. मराठी वाङ्मयाचे, म्हणजे 891.46 चे कपाट चार पावलांवर होते. मराठी घेऊन बी.ए. करणारी मुले त्या कपाटापाशी तासन्‌तास उभी राहत आणि ‘बलुतं’ न पाहताच परत जात. दलित आत्मकथन हे साहित्य की सामाजिक दस्तऐवज, यावर आपल्याकडे परिसंवाद झडले. त्या ग्रंथालयात मात्र निकाल कधीच लागून गेला होता, तोही पेन्सिलीने लिहिलेल्या एका आकड्यात. मी ग्रंथपालांना विचारले, तर उत्तर मिळाले, ‘तू पुस्तके लाव.’ मी लावली.

हे आकडे ज्या पद्धतीतले, ती मेलव्हिल ड्यूईने 1876 मध्ये प्रसिद्ध केली. 1887 मध्ये त्याने ग्रंथपालनाची शाळा काढली ती कोलंबियात. 1913 मध्ये बाबासाहेब शिकायला गेले तेही कोलंबियातच. ड्यूईच्या पद्धतीत धर्माला 200 ते 299 हे आकडे आहेत. त्यांतला फार मोठा भाग ख्रिस्ती धर्माने व्यापला असून इतर धर्मांची सोय 290 च्या पुढे केली आहे. तेथे बौद्ध धर्म 294.3, हिंदू धर्म 294.5. जात मात्र धर्मात नाही, ती 305.5122 म्हणून समाजशास्त्रात, सामाजिक वर्गांच्या शेजारी बसते.

आता ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हाती घ्या. जातपात तोडक मंडळाने 1936 चे लाहोरचे अधिवेशन रद्द केले, ते जातीवरील टीकेमुळे नव्हे. जाती मोडाव्यात हे तर मंडळाचे नावच सांगत होते. बाबासाहेबांनी जातीचे मूळ शास्त्रांच्या पावित्र्यात दाखवले, हे त्यांना सोसले नाही. हे पुस्तक 305 मध्ये ठेवले की मंडळाला नको असलेला भाग आपणच गाळतो आणि उरते ती एक समाजसुधारणा. माझ्या मते त्याची जागा 294.5 मध्ये, धर्मग्रंथांना खेटून आहे. गीतेवरील भाष्य काढायला आलेल्या वाचकाच्या हाताला ते लागले पाहिजे. काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांना हिंदू धर्माच्या कपाटात कशाला कोंडता? आक्षेप रास्त आहे. पण ज्यावर हल्ला करायचा त्याच्यापासून चार कपाटे दूर उभे राहून हल्ला कसा करणार?

शिवाय पुस्तक एकाच जागी उभे राहते, तरी त्याची तालिकापत्रे हवी तितकी करता येतात : लेखकाचे एक, शीर्षकाचे एक, विषयांची तीन-चार. पूर्वी प्रत्येक पत्र हाताने लिहावे लागे, म्हणून कंटाळा समजण्यासारखा होता. आता संगणकावर एक ओळ वाढवायची असते. ती वाढवायला पुस्तक उघडून वाचावे लागते, अडचण तेथे आहे.

वसंत मून यांचे काम या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड 1979 मध्ये आला. पुढच्या खंडांसाठी अपुरी, सुटी हस्तलिखिते जुळवावी लागली. कोणते पान कोणत्या प्रकरणाचे, हे ठरवणे म्हणजे अर्थ लावणेच होते. त्याला आपण ‘संकलन’ म्हणतो आणि पुढे जातो.

आपल्या त्रैमासिकांची गत तर याहून वाईट. पुस्तकाला निदान चुकीचा का होईना आकडा मिळतो. अंकाच्या आतल्या लेखाला तोही नाही. सुतळीने बांधलेले गठ्ठे खालच्या फळीवर असतात, आणि ओल प्रथम तेथेच येते. गेल्या उन्हाळ्यात चार विद्यार्थ्यांना घेऊन मी माझ्याकडच्या जुन्या अंकांची लेखसूची करायला बसलो. पहिल्याच दिवशी एका कवितेवरून वाद झाला. एक मुलगी म्हणाली, ‘सर, विषय “गिरणी संप” लिहू की “आई”?’ आम्ही दोन्ही लिहिले.