बाग पाच दिवसांची की पाच वर्षांची?

दिवाळीला देवळाली प्रवरात घरी गेलो होतो, तेव्हा मामेभावाने विचारलं, "दादा, ते बागेच्या स्पर्धांचे कार्यक्रम असतात ना, त्यात नंबर आला की पुढे धंदा चालतो का रे?" तो एका नर्सरीत कामाला आहे, हाताला गुण आहे. माळी प्रशिक्षणाचा कोर्स करायचा, की तेच वर्ष व्हिडिओ बनवून अशा एखाद्या स्पर्धेसाठी घालवायचं, हे त्याला ठरवायचं होतं. मी म्हटलं, "बघून सांगतो." पीएचडीवाल्याचं नेहमीचं उत्तर! पण हा प्रश्न संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हालाही उपयोगाचा आहे, म्हणून इथे मांडतोय.

आधी हे कार्यक्रम नक्की काय करतात ते पाहू. 2015 मध्ये बीबीसीवर 'द ग्रेट चेल्सी गार्डन चॅलेंज' आला. सहा हौशी बागकाम करणारे, ठरावीक वेळात बाग उभी करायची, परीक्षक एकेकाला बाद करत जाणार. शॉन मरे जिंकला आणि त्याच वर्षी लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये बाग करण्याची संधी त्याला मिळाली. 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर 'द बिग फ्लॉवर फाइट' आला. त्यात दोघादोघांच्या दहा जोड्या फुलापानांच्या भल्यामोठ्या आकृत्या उभारत होत्या आणि बक्षीस होतं लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये आपली कलाकृती मांडण्याचं.

मला हे कार्यक्रम आवडतात, आधीच सांगतो. रंगसंगती, वेळेचं भान, चारचौघांत टीका ऐकून घेणं हे त्यात खरोखर शिकायला मिळतं. मुद्दा असा आहे की कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच तिथे तपासलं जातं. चेल्सीचा शो पाच दिवस चालतो, मग बहुतेक बागा उचलून नेतात. ग्राहकाची बाग मात्र पाच वर्षं तरी टिकावी लागते.

हे आमच्या गावात आणून बघा. लंडनला वर्षाला साधारण 600 मिलीमीटर पाऊस पडतो, पण तो बाराही महिन्यांत विभागलेला. राहुरी परिसरात 500 च्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्येच. जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर बसवलेली फरशी हलते. पाटाखालच्या भागात वर्षानुवर्षं जादा पाणी दिलं की जमीन चोपण होते. तिथे लॉन लावायचं तर आधी निचऱ्याचं बघावं लागतं. त्यावर अंदाजपत्रक, मजुरांचा हिशोब, मे महिन्यात पाणी कोण घालणार याची बोली आणि उरलेली बाकी वसूल करणं. यातलं किती पडद्यावर येतं? जवळपास काहीच नाही. कारण निचरा दिसत नाही, फूल दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, टीव्हीमुळे करिअर झालेली माणसं आहेत की! आहेत. मराठीतलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण गाण्याचं आहे. झी मराठीच्या 2008-09 च्या लिटिल चॅम्प्समध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत, मुग्धा वैशंपायन हे अंतिम फेरीतले बाकीचे चौघेही पुढे गातच राहिले. 2021 च्या पर्वात तर हे पाचहीजण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. पण कार्तिकीच्या घरी वडिलांचंच गाणं होतं आणि आर्याच्या आई शास्त्रीय गायिका. म्हणजे टीव्हीने त्यांना तयार केलं, की तयार असलेल्यांना निवडलं? ओळख टीव्हीने दिली, यात वाद नाही. पण ओळख आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथेच माझी स्वतःची फजिती सांगतो. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी असाच एक विषय घेतला होता: स्पर्धांचा कौशल्यविकासावर होणारा परिणाम. सॅम्पल म्हणून घेतले फक्त विजेते, कारण त्यांचे पत्ते सापडतात आणि ते बोलायलाही तयार असतात. गाईडने एकच प्रश्न विचारला, "बाद झालेले कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. विजेत्यांनाच विचारलं तर स्पर्धा उपयोगी ठरणारच. एक मरे दिसतो, उरलेल्या पाचांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. आणि जे स्पर्धेत गेलेच नाहीत, तेवढंच वय, तेवढाच अनुभव, पण सरळ एखाद्या ठेकेदाराच्या हाताखाली शिकले, त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय 'स्पर्धेमुळे' हा शब्द वापरायचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी चूक शब्दाची होती. 'तयारी' म्हणजे काय, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. पहिलं काम मिळणं? तीन वर्षांनंतरही धंद्यात असणं? की लावलेली झाडं जगणं? प्रत्येक व्याख्येला उत्तर वेगळं येईल. पहिल्या व्याख्येत स्पर्धा कदाचित जिंकेल, तिसऱ्या व्याख्येत मला शंका आहे.

मामेभावाला मी फोनवर एवढंच सांगितलं: स्पर्धा आली तर जरूर उतर, पण तिला जाहिरात समज, शिक्षण समजू नको. कोर्सचं वर्ष तिच्यासाठी सोडू नकोस. आपल्या गावापासून कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, तिथे माती तपासायला शीक. तो थोडा हिरमुसला. "म्हणजे टीव्हीवर नाही ना जायचं?" असं पुन्हा एकदा विचारून त्याने फोन ठेवला. परवा मेसेज आला, फॉर्म भरलाय. सोबत व्हिडिओचाही एक दुवा होता, तोही बरा जमलाय.

तुमच्यासाठी काम एकच. स्वतःच्या विषयाचं वाक्य कागदावर लिहा आणि त्याखाली लिहा, या अभ्यासात बाद झालेले कोण आहेत आणि मी त्यांच्यापर्यंत कसा पोचणार. दुसरी ओळ सुचत नसेल तर सिनॉप्सिस अजून आठवडाभर जमा करू नका. माझे चार महिने गेले, तुमचा आठवडाच जाईल.