पाचरीची जाड बाजू

मारुती जिप्सीखाली पाठीवर झोपलं की गाडीचं सगळं अंतरंग समोर येतं. पुढे एक अखंड एक्सल, मागे एक अखंड एक्सल, चारी कोपऱ्यांत पाटे आणि मधोमध, गिअरबॉक्सपासून सुटी, रबरी माउंटिंगवर टांगलेली ट्रान्सफर केस. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट तिच्यात येतो. तिच्यातून एक पुढे जातो, एक मागे. डिसेंबर १९८५मध्ये बाजारात आलेली ही गाडी तीस वर्षांहून अधिक काळ जवळपास याच बांधणीवर बनत राहिली. इंजिन बदललं, कार्ब्युरेटर गेला, पण खालचा हा सांगाडा तसाच राहिला. या गाडीत कुठलाच भाग एकटा नाही. एक कोन हलवला की दुसरा हलतो, आणि कुठे हलला ते साध्या डोळ्यांना दिसतं. मला ती आवडते ती यासाठी.

मंगळवेढ्यात एका मिस्त्रीनं अशाच एका उंच केलेल्या जिप्सीचं निदान केलं, ते मी शेजारी बसून पाहिलं. इतकं बांधेसूद काम क्वचित पाहायला मिळतं, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटतं.

इथं गाडी उंच का करतात हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही. तालुक्याच्या दक्षिणेला भोसे, नंदेश्वरकडचा माळ, आणि मंगळवेढ्याभोवती ती प्रसिद्ध काळी जमीन, जिच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही माती पाणी धरते म्हणून रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर उभी राहते. पण तोच गुण पावसानंतर पाणंदीत चाकाला आडवा येतो. चिखल चाकाला धरतो, गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं, आणि मग चारही चाकं फिरून उपयोग नसतो. शेतात राहणाऱ्या माणसाला दोन इंच जास्त हवेसे वाटले तर ती हौस म्हणून सोडून देता येत नाही. (कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल पाहता, उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत मान्य नाहीत. असा बदल करणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं.)

मालकाच्या तक्रारी तीन होत्या. साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. गाडीत सतत एक गुणगुण असते, वेग वाढला की वाढते. आणि चिखलात फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर, टाकला की लिव्हर आपोआप बाहेर येतो. पुढच्या-मागच्या पाट्यांना मूळपेक्षा दोन-दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारे दुवे) लावले होते, टायर मोठे घातले होते. थरथर थांबावी म्हणून कोणीतरी नवा स्टिअरिंग डँपरही बसवला होता. मालकाचा स्वतःचा निष्कर्ष ठरलेला होता: स्टिअरिंग बॉक्स गेला आणि ट्रान्सफर केस उघडावी लागणार.

मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही. म्हणाले, "मालक, आधी चाकं धुवून आणा. आतनं."

या पहिल्या वाक्यातच जाणकारी दिसते. काळ्या मातीचा लगदा रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळला की दगडासारखा घट्ट होतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. आत मात्र एका बाजूला वजन असतं, आणि चाक फिरायला लागलं की ते वजन दर फेरीला एकदा झटका देतं. ज्याला इथली माती माहीत नाही तो अशा गाडीचे टाय रॉड एंड बदलून मोकळा होईल. धुतल्यावर थरथर बरीच कमी झाली. उरली ती खरी.

मग एक फेरी. मिस्त्री स्वतः बाजूच्या सीटवर बसले आणि मालकाला चालवायला लावलं. त्यांनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला, पाय सपाट फरशीवर. मला या बसण्याचा अर्थ लावायला थोडा वेळ लागला. या गाडीचे टायर सुमारे ७३० मिलिमीटर व्यासाचे. साठच्या वेगाला चाक सेकंदाला सातएक फेऱ्या मारतं. हा हादरा हातांना वेगळा कळतो. प्रॉपेलर शाफ्ट त्याच्या चौपटीच्या आसपास फिरतो, आणि त्याचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, वाकडा चालला तर एका फेरीत दोनदा वेग बदलतो. म्हणजे सेकंदाला पन्नासच्या पुढे. हा कंप हाताला जाणवत नाही, तळपायांना जाणवतो. हात आणि पाय वेगवेगळे ठेवून त्यांनी दोन तक्रारी एकमेकींपासून सोडवून घेतल्या. या कामात मला सगळ्यात सुंदर वाटलेली जागा हीच.

परत आल्यावर डँपर काढून बाजूला ठेवला. डँपर थरथर दाबतो, कारण तसंच ठेवतो. शोध घेताना तो मध्ये नको. मग मालकाला इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलकं हलवत राहायला सांगितलं आणि स्वतः खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. पिटमन आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. प्ले असेल तिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते. तो उशीर बोटाला लागतो. मग चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवलं, किंग पिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या, बेअरिंगसाठी. डाव्या बाजूला किंचित ढिलाई होती. तिथे शिम कमी करून बेअरिंग आवळता येतं. स्टिअरिंग बॉक्स ठणठणीत निघाला.

इथपर्यंतचं काम कोणताही चांगला मिस्त्री करील. पुढे ते गाडीपासून चार पावलं मागे गेले, बाजूनं एक्सलकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ह्यो तोंड खाली घालून उभा हाय, बगा."

जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, मागचं टोक चेसिसला पक्कं. शॅकल दोन इंचांनी लांबवलं की पाट्याचं पुढचं टोक दोन इंच खाली जातं. एक्सल मधोमध, म्हणून गाडी उचलली जाते ती फक्त एक इंच. पण पाटा तिरका होतो. पाट्याची लांबी तीन फूट धरली तर दोन इंचांचा तिरकेपणा तीन अंशांच्या थोडा वर जातो. एक्सल पाट्याला आवळलेला असल्यामुळे तोही तितकाच पुढे झुकतो. आता किंग पिनची रेषा वरून मागे कललेली असावी लागते. या कलाला कॅस्टर म्हणतात, आणि वळण सुटल्यावर चाक आपोआप सरळ होतं ते बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. मूळ गाडीत तो तीन-साडेतीन अंशांच्या घरात असतो. म्हणजे एका इंचाच्या उंचीसाठी जवळजवळ सगळा कॅस्टर खर्ची पडला होता. चाकाला सरळ राहायची ओढच उरली नव्हती. मग किंग पिनची ती किंचित ढिलाई, जी एरवी कोणाला कळलीही नसती, साठच्या वेगाला सगळं स्टिअरिंग हलवू लागली.

आणि एक्सल झुकला तेव्हा त्याच्या पाठीमागचा पिनियन, ज्याला शाफ्ट येऊन जोडतो, वर उचलला गेला. इथे दुसरी तक्रार पहिलीला येऊन मिळते. युनिव्हर्सल जॉइंट वाकलेला असला की त्याच्या एका टोकाची फेरी सम गतीनं होत नाही. दहा अंशांना दीड टक्का, वीस अंशांना सहा टक्के वेग कमीजास्त होतो. शाफ्टला दोन जॉइंट असतात ते यासाठी, की एकानं केलेली चूक दुसऱ्यानं तितकीच उलट करून भरून काढावी. त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. पिनियन वर झाला, एका टोकाचा कोन घटला, दुसऱ्याचा वाढला, आणि चूक भरून निघेना. या गाडीचे पुढचे हब कायमचे जोडलेले होते, त्यामुळे टू-व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट फिरतच राहायचा. मिस्त्रींनी तो उतरवून गाडी फिरवून आणली. गुणगुण बरीचशी गेली. जी उरली ती मागच्या शाफ्टची. तिकडे शॅकल मागच्या टोकाला, पण परिणाम तोच: पिनियन वर.

"आजार दोन न्हाईत, मालक. एकच हाय."

इलाज होता पाचर. पोलादाची, तीन अंशांची, शेपरवर कापून घेतलेली, सेंटर बोल्टसाठी भोक पाडलेली. पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये बसणारी. अॅल्युमिनियमची नको, ती कालांतराने चिरते. जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असतो, म्हणून पुढच्या पाचरीची जाड बाजू पुढे. उलटी बसली तर उरलासुरला कॅस्टरही जाईल. एवढ्याशा तुकड्यानं किंग पिन मागे कलला, पिनियन खाली आला, शाफ्टचे दोन्ही कोन पुन्हा जुळले. मागच्या एक्सललाही तशीच पाचर लागली, जाड बाजू मागे. लिफ्ट चार-पाच इंचांची असती तर हे जमलं नसतं. तिथे कोन सारखे करूनही मुळातच फार मोठे राहतात. कॅस्टर सांभाळावा तर शाफ्ट कुरकुरतो, शाफ्ट सांभाळावा तर स्टिअरिंग भरकटतं, आणि शेवटी एक्सलची टोकंच कापून वळवून जोडावी लागतात. एका इंचापाशी थांबलं तर दोन्ही गोष्टी एका पाचरीत सांभाळता येतात.

फोर-लोचं उत्तर त्या मानानं सोपं निघालं. मिस्त्रींनी पहार घालून ट्रान्सफर केस हळूच उचलून पाहिली. माउंटिंगचं रबर फाटून मोकळं झालं होतं. लोमध्ये जोर वाढतो, केस पिळते, तिच्यावरचा लिव्हर तिच्याबरोबर सरकतो आणि फरशीच्या कडेला अडून बाहेर ढकलला जातो. केस न उघडताच तीनही रबरं बदलली. जाता जाता त्यांनी मालकाला डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायची नाही हेही बजावलं: या गाडीला मधला डिफरन्शियल नाही, पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, ताण सगळा शाफ्टमध्ये साठतो आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. तसं झालंच तर गाडी थोडी मागे घ्यायची, ताण सुटतो.

मालकानं शेवटी विचारलं, पाचवा गिअर ओढत नाही, त्याचं काय? २०५/७० च्या जागी २३५/७५ चे टायर. व्यास सुमारे दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी लांब झाला आणि स्पीडोमीटर तितकाच कमी दाखवू लागला. गिअरबॉक्समध्ये काही बिघाड नाही.

ड्रॅग लिंकचं मात्र पाचरीनं काही होत नाही. चेसिस वर गेली की ती तिरपी होते. खड्ड्यात एक्सल वर आला की तिचं टोक वेगळ्या कमानीत फिरतं आणि गाडी क्षणभर स्वतःच वळते. स्टिअरिंगही जरा वाकडं बसतं. ते सरळ करून घेता येतं, पण ती ओढ राहते. एका इंचाला ती थोडीशी, पण आहे. मिस्त्रींनी ती लपवली नाही. खाली वाकवलेला पिटमन आर्म घालता येईल, पण त्यानं स्टिअरिंग बॉक्सवर जास्त जोर येतो, म्हणून त्यांनी तो सुचवला नाही. वेगात खड्डा आला तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, एवढं सांगितलं. आणि दोनशे किलोमीटर चालवून झालं की यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला या, कारण पाचर बसताना थोडी दबते.